द्राक्षाचा रंग, द्राक्षाचं आयुष्य

(मंडळाच्या यंदाच्या गुढीपाडव्याच्या कार्यक्रमात केलेलं भाषण. नंतर बऱ्याच जणांनी "ते लिहून दे" असा आग्रह केला, म्हणून किरकोळ दुरुस्त्या करून दिवाळी अंकासाठी देत आहे.)



कार्यकारिणीने मला वीस मिनिटं दिली आहेत. तुमच्या आणि पुरणपोळीच्या मध्ये मी उभा आहे याची मला पूर्ण जाणीव आहे, त्यामुळे एकविसावं मिनिट घेणार नाही!

कार्यक्रमपत्रिकेत विषय वाचून दोन-तीन जणांनी मघाशी चहाच्या वेळी विचारलंच, "अरे, तू तर आयटीवाला. तुला द्राक्षबागेतलं काय कळतं?" प्रश्न अगदी रास्त आहे. मी शिकलो कॉम्प्युटर इंजिनिअरिंग, आणि पोट भरतो ते दुसऱ्यांच्या सिस्टिम्स दुरुस्त करून. पण माझं आजोळ नाशिक जिल्ह्यात, निफाड तालुक्यात. लहानपणीच्या सगळ्या सुट्ट्या मांडवाखाली गेल्या. त्यामुळे आपल्याला द्राक्षातलं कळतं अशी माझी समजूत होती. त्या समजुतीपायी मी माझ्या मामांचा एक अख्खा हंगाम घालवला. आजचं भाषण त्या चुकीबद्दल आहे, आणि त्यातून जे शिकलो त्याबद्दल.

प्रत्येक टेबलावर द्राक्षांचे दोन डबे ठेवले आहेत. एक हिरवी, एक लाल. खायला सुरुवात झालेली दिसतेच आहे, हरकत नाही! पण एक घड शिल्लक ठेवा आणि मणी न बघता आधी त्याचा देठ बघा. हिरवा, ताजा, लवचिक आहे की तपकिरी होऊन काडीसारखा वाळलाय? घडाचं वय तो देठ सांगतो. मग मण्यांचा रंग बघा. बाहेरचे आणि आतले मणी सारखेच रंगलेत का? या दोन गोष्टी, देठ आणि रंग, यावर आपल्याकडच्या हजारो बागायतदारांचं वर्ष ठरतं. आणि गंमत म्हणजे या दोन्ही गोष्टी कोल्ड स्टोरेजमध्ये घडत नाहीत, त्या बागेतच ठरून येतात.

कोल्ह्याची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. मला वाटतं, त्या कोल्ह्याची आपण उगीच चेष्टा करतो. द्राक्षं आंबट असतील तर तोडून घरी नेऊन त्याचा काही फायदा नव्हता! आंबा आपण कच्चा उतरवतो आणि आढीत पिकवतो. केळी पिकतात, चिकू पिकतो. द्राक्षाला आढी नाही. वेलीवरून तोडलं त्या क्षणी त्याची गोडी थांबली, रंगही थांबला. त्यानंतर जे काही होतं ते फक्त उतरणीचं. शीतगृह ही उतरण सावकाश करतं, चढ देत नाही. आमच्या धंद्यातही असंच आहे. टेस्टिंग करून सॉफ्टवेअर चांगलं होत नाही, फक्त किती वाईट आहे ते कळतं!

आता नाशिकच्या बागेचं वर्ष कसं असतं ते थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. थंड देशांत वेल हिवाळ्यात झोपते आणि वर्षातून एकदा छाटतात. आपल्याकडे वेल झोपतच नाही, म्हणून दोन छाटण्या. एप्रिलमध्ये खरड छाटणी. तिच्यानंतर ज्या काड्या तयार होतात, त्यांच्या डोळ्यांत पुढच्या हंगामाचे घड सूक्ष्म रूपात तयार होत असतात. म्हणजे जानेवारीच्या घडाचा निर्णय आदल्या उन्हाळ्यात झालेला असतो. मग ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी, म्हणजे फळछाटणी. डोळे एकसारखे फुटावेत म्हणून पेस्टिंग, मग फुटवे, फुलोरा, मणी धरणं, विरळणी, संजीवकांची डिपिंग. मग मण्यात पाणी उतरतं. टणक, आंबट, हिरवा मणी मऊ होऊ लागतो आणि साखर भरू लागते, त्याला बागायतदार 'पाणी उतरलं' म्हणतात. जानेवारी ते एप्रिल काढणी. या सगळ्यात पाऊस, धुकं, केवडा, भुरी यांच्याशी रोजची लढाई, ती वेगळीच.

रंग येतो तो या पाणी उतरण्याच्या वेळेपासून. लाल आणि काळ्या जातींच्या सालीत अँथोसायनिन नावाची रंगद्रव्यं तयार होतात. त्यांना तीन गोष्टी लागतात. एक म्हणजे साखर, म्हणजेच घडामागे पुरेशी पानं. दुसरी म्हणजे बेताचा उजेड. तिसरी म्हणजे थंड रात्री. दिवसाचं तापमान ३५ अंशांच्या वर जाऊ लागलं की रंग भरणं मंदावतं. म्हणून ज्या बागेचं पाणी उशिरा उतरतं, तिला फेब्रुवारी-मार्चचं ऊन गाठतं आणि रंग अडकतो.

पण थंडीचा खेळही बघा कसा असतो. शेजारी थॉमसनची, म्हणजे हिरव्या द्राक्षाची बाग असेल, तर डिसेंबर-जानेवारीत कडक थंडी पडली आणि दिवसा ऊन तापलं की त्या हिरव्या मण्यांवर गुलाबी छटा येते. तिला 'पिंक बेरी' म्हणतात. चवीला काही फरक नाही, पण निर्यातीत तो माल हिरवा म्हणून चालत नाही. म्हणून थंडीच्या दिवसांत निफाडकडे गेलात तर बागांमध्ये घडांना वर्तमानपत्राचे कागद गुंडाळलेले दिसतील. एकच थंडी, पण एका बागेत रंग आणते म्हणून कौतुक आणि बांधापलीकडे रंग आणते म्हणून डोळ्यांत पाणी!

आता माझ्या पराक्रमाकडे येतो.

मामांकडे दोन एकर क्रिमसन सीडलेस आहे. लाल, लांबट, कुरकुरीत. ही जात अमेरिकेच्या कृषी खात्याने कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोत तयार केली आणि १९८९ साली प्रसृत केली. मुळातच टणक आणि टिकाऊ. पण रंगाच्या बाबतीत महाहट्टी, आणि हे फक्त आपल्याकडे नाही, कॅलिफोर्नियातही तिची तीच तक्रार.

२०२२ च्या उन्हाळ्यात मी महिनाभर गावी होतो. संध्याकाळी ओट्यावर लॅपटॉप उघडून बसलो आणि मामांच्या बागेचं स्प्रेडशीट केलं. दहा बाय सहा फुटांवर लागण, म्हणजे एकरी साधारण ७२५ वेली. मामा वेलीला ४० घड ठेवायचे. घड सरासरी ४०० ग्रॅमचा धरला. म्हटलं, "मामा, ४० च्या जागी ५५ ठेवले तर उत्पादन ३७ टक्क्यांनी वाढतं. फवारणी तीच, खत तेच, मांडव तोच. खर्च तेवढाच आणि माल सव्वापटीहून जास्त!"

मामा बराच वेळ स्क्रीनकडे बघत होते. मग म्हणाले, "भाचे, हे सगळं बरोबर आहे. पण वेलीला विचारलं का?"

मी हसलो. मामेभाऊ माझ्या बाजूने उभा राहिला. दोघं शिकलेले एका बाजूला आणि दहावी झालेले मामा एका बाजूला. शेवटी ते म्हणाले, "बरं, बघू एक वर्ष." सोसायटीचं कर्ज होतं, घराच्या वरच्या मजल्याचं बांधकाम काढलेलं होतं. त्यांनाही वाटलं असेल, पोरं म्हणतायत तर खरं होईलही.

माझ्या स्प्रेडशीटमध्ये एक रकाना नव्हता, पानांचा. बागायतदारांचा ठोकताळा असा की एक घड नीट पोसायला, रंगायला साधारण पंधरा पानं लागतात. ४० घडांना ६०० पानं. मांडवावर जागा तेवढीच, त्यामुळे पानंही तेवढीच. तीच ६०० पानं ५५ घडांत वाटली की प्रत्येकाच्या वाट्याला अकरा आली. घरात भाकरी तेवढीच आणि पंगतीला पंधरा पाहुणे जास्त, असा प्रकार! घडाचं वजन ४०० ग्रॅम हा आकडा मी कायम धरला होता, तोही उतरला.

फेब्रुवारी उजाडला. मामेभाऊ फोटो पाठवायचा. घड बाहेरून लालसर, आत फिकट हिरवे. वेलीवर कुठे दोन घड रंगलेले, कुठे एकही नाही. रिफ्रॅक्टोमीटरवर ब्रिक्स, म्हणजे साखरेचं प्रमाण, सरकता सरकत नव्हतं. निर्यातीला साधारण १६ ते १८ लागतं, ते वेळेत येईना. मग आम्ही काय केलं? वाट बघितली. एक आठवडा, दोन आठवडे, तीन. रंगासाठी इथेफॉनची आणखी एक फवारणी केली. इथेफॉन योग्य वेळी आणि योग्य मात्रेत मदत करतं, पण त्याने मणी नरमही पडतो. वेळ आणि मात्रा चुकली तर रंग मिळतो आणि टिकाऊपणा जातो.

आणि मार्च २०२३ मध्ये अवकाळी पाऊस आला. नाशिक जिल्ह्यात त्या महिन्यात पावसाने आणि गारपिटीने द्राक्षांचं केवढं नुकसान केलं, हे तुमच्यापैकी अनेकांनी बातम्यांत पाहिलं असेल. ज्यांची बाग आधी उतरून गेली होती ते वाचले. आमची बाग रंगाची वाट बघत वेलीवर उभी होती. मणी तडकले, घडांत कूज शिरली. निवडून निवडून जो माल निघाला तो पाठवला. इथे पोचल्यावर खरेदीदाराचा रिपोर्ट आला तो असा: देठ तपकिरी, मणी नरम, रंग मिश्र. भरपूर पैसे कापून घेतले. बाकीचा माल स्थानिक बाजारात मिळेल त्या भावाने गेला.

पाऊस काही माझ्या स्प्रेडशीटमुळे आला नाही, हे खरं. पण तो आला तेव्हा बाग अजून उभी होती, ती माझ्यामुळे. कर्जाचा हप्ता थकला. घराचं काम थांबलं. त्या वर्षी दिवाळीला गावी गेलो तेव्हा स्लॅबवरचे लोखंडी गज तसेच उघडे, गंजलेले होते. मामा मला एका शब्दाने बोलले नाहीत. मामीने नेहमीसारखी ताटभर शिरापुरी वाढली. कोणी बोललं असतं तर बरं झालं असतं.

त्या दिवाळीत मी लॅपटॉप उघडला नाही. मामांच्या मागे मागे बागेत फिरलो, प्रश्न विचारले, पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे त्यांच्या शिफारशी वाचल्या. आणि मग मला कळलं की रंग आणि टिकवण हे दोन वेगळे प्रश्न नाहीतच. रंग वेळेवर आला नाही की बागायतदार वाट बघतो, आणि त्या वाट बघण्यात फळाचं आयुष्य वेलीवरच खर्च होतं. म्हणून जे जे रंगासाठी करायचं, तेच बहुतेक टिकाऊपणासाठीही असतं. २०२३-२४ च्या हंगामात मामांनी काय काय केलं, ते क्रमाने सांगतो. यात माझं काही नाही, मी फक्त नोंदी ठेवल्या.

पहिली गोष्ट, घड कमी. आदल्या वर्षी वेल थकली होती, तिच्या खोडा-मुळांतला साठा उतरला होता. म्हणून ४० देखील नाही, वेलीला ३६ च घड ठेवले. घड फुलोऱ्यापूर्वीच मोजून बाकीचे काढून टाकले. घड काढून टाकताना हात थरथरतो, हे मामांनी कबूल केलं. पण पुढे काढण्यापेक्षा आधी काढलेला घड स्वस्त पडतो.

दुसरी गोष्ट, विरळणी. मणी बाजरी-ज्वारीएवढे असताना पेठ, सुरगाण्याकडच्या बायांच्या टोळ्या कात्र्या घेऊन बागेत येतात. प्रत्येक घडाच्या काही पाकळ्या काढायच्या, दाटीतले मणी काढायचे. दिवसभर मान वर करून, हात वर करून काम. टेबलावरचा हा घड तुम्ही हातात धरलाय ना, त्याला अशा कोणाच्या तरी कात्रीचा हात लागलेला आहे. घड मोकळा असेल तर आतल्या मण्याला उजेड मिळतो, तो रंगतो. हवा खेळते, त्यामुळे फुलांच्या वाळक्या टोप्या आत अडकून बसत नाहीत. या टोप्यांवरच करड्या बुरशीला घर मिळतं. ही बुरशी, बोट्रायटिस, फुलोऱ्यात शिरते, गप्प बसून राहते आणि शून्य अंशाच्या शीतगृहातसुद्धा वाढते. म्हणजे मार्चमध्ये डब्यात दिसणारी कूज डिसेंबरात आत शिरलेली असू शकते. आमच्या भाषेत सांगायचं तर बग डिझाइनमधला आणि बोंब प्रॉडक्शनमध्ये!

तिसरी गोष्ट, पानं आणि उजेड. फेलफुटी, म्हणजे बगलेतून येणारे नको असलेले फुटवे काढले. घडाजवळची जुनी पानं पाणी उतरण्याच्या सुमारास विरळ केली. पण सगळी नाहीत. विशेषतः दुपारचं पश्चिमेचं ऊन थेट पडलं तर मणी भाजतो आणि सुरकुततो. मामांची कसोटी सोपी आहे. भर दुपारी मांडवाखाली उभं राहायचं आणि जमिनीकडे बघायचं. गर्द सावली असेल तर पानं जास्त, चटका बसत असेल तर कमी. जमिनीवर कवडसे नाचत असतील तर बरोबर! एवढं साधं मोजमाप मला कुठल्या ॲपमध्ये मिळालं नव्हतं.

चौथी गोष्ट, संजीवकांत हात आखडता. जीए, म्हणजे जिबरेलिक ॲसिडने मणी लांबतो, फुगतो. थॉमसनला ते लागतंच. पण जास्त झालं तर देठ जाड आणि ठिसूळ होतात आणि वाहतुकीत मणी गळतात. क्रिमसनला तर जीए जास्त दिलं की रंग कमी येतो आणि पुढच्या वर्षी घडही कमी लागतात. सीपीपीयूने मणी मोठा आणि टणक होतो, पण पक्वता लांबते आणि रंग अडतो. म्हणून क्रिमसनमध्ये मण्याचा आकार वाढवायला गर्डलिंग करतात. खोडाच्या किंवा ओलांड्याच्या सालीची अगदी बारीक गोल पट्टी काढायची, म्हणजे पानांत तयार झालेलं अन्न मुळांकडे न उतरता काही दिवस घडांकडेच राहतं. मणी धरल्यावर केलं तर आकार वाढतो. पाणी उतरताना केलं तर रंग आणि गोडी लवकर येते. मात्र थकलेल्या वेलीवर ते करायचं नसतं, म्हणून मामांनी त्या वर्षी केलं नाही.

पाचवी गोष्ट, खत आणि पाणी. पाणी उतरल्यानंतर नत्र, म्हणजे युरियाचा मोह टाळायचा. त्याने शेंडे वाढतात, मणी नरम पडतो, रंग मागे पडतो. या काळात पालाश द्यायचं, पण तेही पानाच्या देठाचं परीक्षण करून, कारण पालाश जास्त झालं तर कॅल्शियम आणि मॅग्नेशियम कमी उचललं जातं. आणि कॅल्शियमची गोष्ट तर फार महत्त्वाची. मण्याची साल आणि गर घट्ट राहतो तो कॅल्शियममुळे. ते पाण्याच्या प्रवाहाबरोबर मुळांकडून येतं आणि पाणी उतरल्यावर मण्यात येणारा हा प्रवाह खूपच कमी होतो. म्हणजे काढणीच्या आधी घाईघाईने जमिनीतून कॅल्शियम देऊन उपयोग नाही. मणी लहान असतानाच ते पोचवायला हवं आणि फवारणी करायची तर थेट घडावर बसायला हवी. ठिबकचं पाणी शेवटच्या टप्प्यात बेताचं ठेवलं. एकदम तोडलं तर देठ वाळतो, एकदम सोडलं तर मणी तडकतो.

सहावी गोष्ट, काढणी. पहाटे उजाडताच सुरुवात, ऊन चढायच्या आत बंद. घड देठाला धरायचा, मण्यांना हात लावायचा नाही. का? तर मण्यावर पांढरट मेणाचा थर असतो. बोट लागलं की तो पुसतो आणि पाणी उडायला वाट मिळते. इथे अनेकांना ती औषधाची पावडर वाटते. मंडळी, ती मण्याची स्वतःची शाल आहे! तोडलेला माल तासा-दोन तासांत पॅकहाऊसला, लगेच प्री-कूलिंगला. मग शून्य अंशाच्या आसपास आणि भरपूर आर्द्रता. पेटीत सल्फर डायऑक्साइड हळूहळू सोडणारा कागद, बुरशीसाठी. घडाच्या वजनातलं दोन-तीन टक्के पाणी उडालं तरी देठ तपकिरी दिसू लागतो, इतकं ते नाजूक गणित आहे.

या सगळ्याच्या वर कागदपत्रं आहेत. २००३ साली युरोपात आपल्या द्राक्षांत कीटकनाशकाचे अंश सापडले, त्यानंतर उर्वरित अंशांच्या तपासणीची घडी बसली. २००६ साली अपेडाने ग्रेपनेट सुरू केलं. प्रत्येक निर्यातक्षम प्लॉटची नोंदणी, प्रयोगशाळेचा अहवाल, पेटीवरून थेट बागेपर्यंत माग. तरीही २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या संजीवकाचे अंश सापडले आणि आपले अनेक कंटेनर युरोपात अडकले. म्हणजे रंग, आकार, टिकाऊपणा यासाठी बाटलीतून शॉर्टकट काढायला गेलं की त्याची किंमत सगळ्या जिल्ह्याला मोजावी लागते. बागेतली मेहनत हाच खात्रीचा मार्ग.

आता २०२४ चं सांगतो. मामांची बाग त्या वर्षी फेब्रुवारीतच रंगली. आदल्या वर्षीपेक्षा माल कमी निघाला, पण एकसारखा लाल, आतपर्यंत. मी मनात म्हटलं, सुटलो! पण लाल समुद्रात जहाजांवरच्या हल्ल्यांमुळे कंपन्यांनी सुएझचा मार्ग सोडला होता. न्हावा शेवाहून युरोपला तीन-चार आठवड्यांत येणारे कंटेनर केप ऑफ गुड होपला वळसा घालून निघाले. दोन आठवड्यांच्या आसपास प्रवास वाढला, भाडंही वाढलं.

मला रात्री झोप लागेना. बागेत केलेलं सगळं आता समुद्रावर पणाला लागलं होतं. मामेभाऊ रोज जहाजाचा ठावठिकाणा बघायचा आणि मला पाठवायचा. आज मादागास्करच्या खाली, आज केपच्या जवळ. मामा मात्र शांत होते. मी फोनवर विचारलं, "मामा, काळजी नाही वाटत?" तर म्हणाले, "आपल्या हातात होतं ते बागेत करून झालं. आता फळात जेवढा जीव भरलाय, तेवढा ते जगेल."

मंडळी, ते फळ जगलं. रिपोर्ट आला: देठ हिरवे, रंग एकसारखा, मणी घट्ट. काही पेट्यांत मणीगळ होती, ती मान्य. पण पैसे कापले गेले नाहीत. मी ऑफिसात होतो, जिन्यात जाऊन मामांना फोन केला. ते म्हणाले, "चला, बरं झालं." आणि मग थोड्या वेळाने, "भाचे, तुझ्या त्या कॉम्प्युटरमध्ये पानांचा रकाना टाकला का रे?"

टाकलाय. आता त्या स्प्रेडशीटमध्ये पानं आहेत, देठ परीक्षण आहे, रात्रीचं तापमान आहे. ठरवतात मात्र मामा. मी नोंदी ठेवतो.

जाता जाता आपल्यासाठी चार कामाच्या गोष्टी. दुकानात डबा उचलताना आधी देठ बघा. लेबलवर देश आणि जात दोन्ही लिहिलेली असतात, ती वाचा. साधारण फेब्रुवारी ते एप्रिल भारतातली द्राक्षं इथे असतात. हिरव्या द्राक्षावर किंचित पिवळसर झाक असेल तर घाबरू नका, बहुतेक वेळा तीच जास्त गोड असतात. घरी आणल्यावर आधीच धुऊन ठेवू नका, न धुता फ्रिजमध्ये ठेवा आणि खाताना धुवा. म्हणजे त्या मण्याची शाल तुमच्या ताटापर्यंत टिकेल. आणि मुलांना सांगा, की या डब्यामागे ऑक्टोबरपासूनचं कोणाचं तरी वर्ष आहे. एक घड घेऊन देठ दाखवलात तरी पुरे.

मघाशी मी घराच्या स्लॅबवरच्या गजांचं बोललो. ते अजून उघडेच आहेत. एका चांगल्या हंगामाने सगळं फिटत नाही. पण परवा मामेभाऊ सांगत होता, मामा सिमेंटचा भाव विचारून आले.

वीस मिनिटं झाली वाटतं. पुरणपोळी थांबली आहे.